वर्षावास : सणामागची गोष्ट आणि गोष्टीमागचे काम

आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा हा तीन महिन्यांचा काळ म्हणजे वर्षावास. या काळात भिक्खू एका ठिकाणी मुक्काम करतात आणि आपल्याकडच्या अनेक बुद्धविहारांत बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. पांढऱ्या साडीतल्या उपासिका, नोकरीतून निवृत्त झालेले दोन-चार उपासक, त्रिसरण-पंचशील, एखादे प्रकरण, शेवटी सरणत्तयं आणि खीर, असे त्याचे ठरलेले रूप आहे.

तरुण मुले-मुली या वाचनाला क्वचितच दिसतात. पण हीच मुले 14 एप्रिलला रात्रभर जागतात, 1 जानेवारीला भीमा कोरेगावला जातात, 6 डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत तासन्‌तास उभी राहतात. तेव्हा आस्था आटली असे कुणी म्हणू नये. अडचण वेगळी आहे. जयंती आणि अभिवादनाचे दिवस ‘चळवळीचे’ आणि पौर्णिमा ‘आजीच्या’, अशी वाटणी आपण नकळत करून टाकली आहे. वस्त्यांमध्ये काम करताना ही वाटणी मला सतत दिसते आणि ती दोन्ही बाजूंचे नुकसान करते. चळवळीच्या दिवसांमागे धम्माची शिस्त उरत नाही आणि पौर्णिमेला चळवळीचा प्रश्न विचारला जात नाही. म्हणून या लेखात वर्षावासातल्या काही कथा मुळात काय सांगतात आणि आपल्या इतिहासातल्या दिवसांशी त्यांचा धागा कुठे जुळतो, ते पाहू.

लोकांच्या तक्रारीतून आलेले सण

आपल्या भोवतालचे बहुतेक सण कुणा देवाच्या जन्मातून, विवाहातून किंवा विजयातून आलेले आहेत. वर्षावासाची कुळकथा अगदी साधी आहे आणि ती विनयपिटकाच्या महावग्गात नोंदलेली आहे. भिक्खू पावसाळ्यातही चारिका करत फिरत. लोक नाराज झाले. हे हिरवे गवत तुडवतात, बारीक जीव चिरडतात. इतर पंथांचे परिव्राजक पावसाळ्यात एका जागी राहतात, पक्षीसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटे करून थांबतात, मग यांनाच काय झाले, अशी ती तक्रार होती. ती तथागतांच्या कानावर गेली आणि त्यांनी वर्षावासाचा नियम केला.

उपोसथाचेही तसेच. पंधरवड्याच्या अष्टमी, चतुर्दशी आणि पंधराव्या दिवशी इतर परिव्राजक एकत्र जमून उपदेश करतात, लोक त्यांच्याकडे जातात, आपल्या संघानेही तसे करावे, ही सूचना मगधचा राजा बिंबिसार याने केली. ती मान्य झाली. भिक्खू जमले, पण नुसतेच गप्प बसून राहिले. लोक ऐकायला आले होते. ते पुन्हा रागावले. तेव्हा जमल्यावर धम्म सांगावा असा पुढचा नियम झाला.

म्हणजे पौर्णिमेला विहारात जाण्याची आपली पद्धत एका गृहस्थाच्या सूचनेतून आली आणि तिथे काहीतरी बोलले गेले पाहिजे ही अट सामान्य माणसांच्या कुरकुरीतून आली. विहारात वंदना झाली की सगळे पाठ फिरवून निघतात, कुणी काही समजावून सांगत नाही, अशी तक्रार एखादी कॉलेजातली मुलगी करते तेव्हा ज्येष्ठ मंडळींना ती उद्धट वाटते. महावग्ग वाचला तर ती परंपरेला धरूनच बोलते आहे हे लक्षात येईल.

नियम झाला तरी तो ताठर नव्हता. आजारी सोबती, आई-वडील, संघाचे काम यांसाठी सात दिवसांपर्यंत बाहेर जाण्याची मुभा होती. गुरांच्या तळावर राहून, व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर चालत, नावेवर राहूनही वर्षावास करता येई. कंपनीत पाळी बदलणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या, रात्री पहारा करणाऱ्या आपल्या पोरांना ‘वेळेवर विहारात येत नाही’ म्हणून बोल लावण्याआधी ही सवलत आठवावी. वाचनाची वेळ बदलता येते. ग्रंथ मोबाइलवरही वाचता येतो.

‘श्रद्धा’ हा शब्द

आपल्या तरुणांना श्रद्धा हा शब्द टोचतो, आणि ज्या समाजाला श्रद्धेच्या नावाखाली शतकानुशतके वेठीस धरले गेले त्याला तो टोचणारच. पालीतल्या ‘सद्धा’चा अर्थ मात्र न पाहता मान्य करणे असा नाही. केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना विचारले होते की, येणारा प्रत्येक गुरू आपलेच खरे म्हणतो, मग आम्ही कुणाचे ऐकायचे? त्यांना मिळालेले उत्तर सर्वांना माहीत आहे. ऐकीव आहे, परंपरा आहे, ग्रंथात आहे, सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून स्वीकारू नका. काय अकुशल आहे, कशाने अहित होते, हे स्वतः पारखा. या पारखण्यातून जो भरवसा बसतो ती सद्धा. वैद्यावर बसतो तसा भरवसा. औषध मात्र आपणच घ्यायचे असते.

गोष्टींच्या बाबतीत ही पारख कशी करायची याचा वस्तुपाठ बाबासाहेबांच्या स्वतःच्या आयुष्यात आहे. लहानपणी वडील त्यांना रामायण-महाभारत वाचायला लावत. हे कशासाठी, असे मुलाने विचारले. आपल्या मनातला कमीपणा जावा म्हणून, असे वडिलांचे उत्तर होते. द्रोण, कर्ण, वाल्मीकी हे लहान स्थितीतून किती वर गेले ते बघ. वडिलांच्या म्हणण्यात तथ्य आहे हे मुलाला कळत होते, तरी त्याचे समाधान झाले नाही. महाभारतातली थोर मंडळी त्याला पटेनात. पुढे दादा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले आणि तिथून वाट वळली. हा प्रसंग बाबासाहेबांनीच ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’साठी लिहिलेल्या एका प्रस्तावनेत सांगितला आहे. त्यात बापाचे प्रेम आहे, मुलाचा नकार आहे आणि नकारानंतर दुसऱ्या गोष्टीचा शोधही आहे. नकारापाशीच थांबलेली कितीतरी हुशार मुले मला भेटतात. देव नाकारून झालेले असतात, आता पुढे काय, हे त्यांना ठाऊक नसते.

बुद्धचरित्र हाती आल्यावरही बाबासाहेबांनी पारख सोडली नाही. ग्रंथाच्या आरंभी त्यांनी चार प्रश्न मांडले आहेत. सिद्धार्थाने प्रव्रज्या का घेतली, हा पहिला. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून, हे रूढ उत्तर त्यांना पटले नाही; एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर मृत्यू पाहिलाच नव्हता हे बुद्धीला कसे पटावे? भिक्खू कशासाठी, हा शेवटचा प्रश्न. तो केवळ स्वतःला परिपूर्ण करणारा माणूस की समाजाची सेवा करणारा? समाजकार्याच्या क्षेत्रात असलेल्या प्रत्येकाने हा चौथा प्रश्न वर्षातून एकदा तरी वाचावा.

पाण्याच्या दोन गोष्टी

प्रव्रज्येच्या प्रश्नाला बाबासाहेबांनी दिलेले उत्तर रोहिणी नदीच्या पाण्याशी जोडलेले आहे. शाक्य आणि कोलिय या शेजाऱ्यांत नदीच्या पाण्यावरून तंटा झाला. शाक्य संघात युद्धाचा ठराव आला, सिद्धार्थाने विरोध केला, बहुमत युद्धाच्या बाजूने गेले. बहुमतापुढे न झुकता, पण आपल्यामुळे घरच्यांना शिक्षा होऊ नये याची काळजी घेत, त्याने देशत्याग पत्करला.

पाली अट्ठकथांत हाच तंटा बुद्धत्वप्राप्तीनंतरच्या काळात येतो आणि त्यातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी असताना तथागत विचारतात, भांडण कशाचे? राजांना सांगता येत नाही. ते सेनापतीला विचारतात, त्यालाही ठाऊक नाही. असे करत करत प्रश्न खाली उतरत जातो आणि शेवटी शेतात राबणारे दास-मजूर सांगतात की, भांडण पाण्याचे आहे. मग पाण्याची किंमत किती आणि माणसांच्या रक्ताची किती, असा सवाल येतो. ज्यांना पाण्याची झळ बसते त्यांनाच भांडणाचे मूळ माहीत होते. वरचे सगळे प्रतिष्ठेसाठी शस्त्र घेऊन उभे होते.

या गोष्टीशेजारी महाड ठेवून पाहा. 1923 साली रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले. 1924 मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. सगळे कागदावर. 20 मार्च 1927 रोजी लोक रांगेने तळ्यावर गेले, बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, मग इतरांनी घेतले. त्यानंतर मंडपावर आणि वाटेत भेटेल त्या माणसावर हल्ले झाले. सभेला आलेल्यांत लष्करात राहिलेली, हात चालवू शकणारी माणसे होती. तरी बाबासाहेबांनी त्यांना आवरले. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली तेव्हा न्यायालयाचा मनाई हुकूम होता, म्हणून तळ्यावर न जाण्याचा कडू निर्णय घ्यावा लागला. त्याच परिषदेत 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा खटला पुढे दहा वर्षे चालला आणि 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल लागला.

आपण 20 मार्चचे पोस्टर लावतो, पण 1937 ची तारीख क्वचितच कुणाला सांगता येते. एक दिवस ओंजळीचा आणि दहा वर्षे वकिलाच्या फायलीची, असा तो संग्राम आहे. गावातल्या स्मशानभूमीच्या जागेसाठी, शिष्यवृत्तीसाठी किंवा अत्याचाराच्या खटल्यात साक्षीदार टिकवण्यासाठी झगडणाऱ्या कार्यकर्त्याला पहिल्या तारखेपेक्षा दुसरी तारीख जास्त बळ देते. येवल्यात 13 ऑक्टोबर 1935 रोजी केलेली घोषणा नागपुरात 14 ऑक्टोबर 1956 रोजी पूर्ण झाली. मधली एकवीस वर्षे अभ्यासाची होती. अशोक विजयादशमीच्या गर्दीत या वर्षांबद्दल कुणी बोलत नाही.

अंगुलिमालाची उरलेली गोष्ट

श्रावण पौर्णिमेला आपल्याकडे अंगुलिमालाची कथा सांगितली जाते. क्रूर डाकू, बोटांची माळ, तथागतांची भेट, हृदयपरिवर्तन. बहुतेक देसना इथे थांबतात. मज्झिम निकायातले सुत्त मात्र पुढे बरेच चालते आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे.

राजा पसेनदी पाचशे घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला निघतो आणि तो चीवरात बसलेला पाहून दचकतो. पुढे भिक्षेला फिरताना अंगुलिमाल एका अडलेल्या बाळंतिणीला पाहतो आणि कळवळतो. ज्याने माणसे मारली त्याला एका जन्माची चिंता लागते. त्यानंतर तो श्रावस्तीत जातो तेव्हा कुणी ढेकूळ मारतो, कुणी काठी, कुणी खडे. डोके फुटलेले, पात्र फुटलेले, चीवर फाटलेले, असा तो परत येतो. तथागत त्याला सहन कर म्हणतात. केलेल्या कर्माचे फळ इथेच भोगतो आहेस, हे त्यांचे सांगणे आहे. त्याला संघातून जायला मात्र कुणी सांगत नाही.

तुरुंगातून किंवा बालसुधारगृहातून परत आलेला मुलगा वस्तीत काय अनुभवतो, ते या सुत्ताइतके नेमके मी कुठल्याच पाठ्यपुस्तकात वाचलेले नाही. लोकांचा राग खरा असतो, कारण ज्यांचे नुकसान झाले ते याच गल्लीत राहतात. त्याचे बदलणेही खरे असू शकते. दोन्ही एकाच वेळी खरे असताना त्याला बसायला जागा कोण देणार? श्रावण पौर्णिमेच्या वाचनाला अशा मुलाला पाणी वाटायला, सतरंज्या घालायला बोलावले तर तेवढ्याने सुत्ताचा उत्तरार्ध आपल्या विहारात सुरू होतो.

राजगृहाची पहिली संगीतीही श्रावणाशी जोडली जाते. पाचशे भिक्खू, महाकस्सपांचे प्रश्न, विनय सांगणारे उपाली आणि धम्म सांगणारे आनंद, एवढे पाठ असते. उपाली जातीने न्हावी होते. शाक्य राजपुत्रांनी त्यांच्या आधी उपालींना प्रव्रज्या द्यायला लावली, म्हणजे आपल्याच सेवकाला वंदन करावे लागेल आणि आपला कुळाचा ताठा मोडेल. आणखी एक बारकावा चुल्लवग्गात आहे. संगीतीसाठी जमलेल्या भिक्खूंनी वर्षावासाचा पहिला महिना निवासांची डागडुजी करण्यात घालवला आणि मग पठणाला बसले. विहाराचे छत गळत असताना मूर्तीच्या उंचीवर चर्चा करणाऱ्या समित्यांसाठी हा संदर्भ सोबत ठेवावा.

याच संगीतीत आनंदांवर काही ठपके ठेवले गेले. स्त्रियांच्या प्रव्रज्येसाठी त्यांनी आग्रह धरला, हा त्यांतला एक. आई गेल्यावर महाप्रजापती गौतमीने तथागतांना दूध पाजून वाढवले होते, यासाठी मी आग्रह धरला; यात मला दोष दिसत नाही, असे आनंदांनी सांगितले आणि संघाचा मान राखून विषय संपवला. ग्रंथवाचनाला नव्वद टक्के उपासिका आणि विहाराच्या कार्यकारिणीत एकही नाही, असे चित्र जिथे असेल तिथे हा उतारा मोठ्याने वाचायला हरकत नसावी. विसाखेचे उदाहरणही विनयपिटकातलेच. तिने तथागतांकडे आठ गोष्टी देण्याची परवानगी मागितली. त्यांत पावसाळी वस्त्रे, भिक्खुणींसाठी स्नानवस्त्रे, आजाऱ्याचे जेवण आणि औषध होते, शिवाय आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याचे जेवणही होते. ज्याने सरकारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात रुग्णासोबत रात्र काढली आहे, त्याला विसाखेचा हिशेब किती बारीक होता ते कळेल. अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदांच्या मदतीने स्वतः धुतले आणि जो माझी सेवा करू इच्छितो त्याने आजाऱ्याची करावी असे सांगितले, ती कथाही याच प्रकरणात आहे.

घरातल्या सहा दिशा

दीघ निकायातल्या सिगालाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण घरच्यांशी ‘पूजा करायची की नाही’ यावर भांडणाऱ्या मुलांना ती उपयोगी आहे. मरताना वडिलांनी सांगितले म्हणून सिगाल रोज पहाटे ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करतो. तथागत त्याची टिंगल करत नाहीत. ते दिशांचा अर्थ बदलतात. पूर्व म्हणजे आई-वडील, दक्षिण शिक्षक, पश्चिम पत्नी-मुले, उत्तर मित्र, खालची दिशा कामकरी माणसे, वरची श्रमण. प्रत्येक नात्यात दोन्हीकडून कर्तव्ये आहेत. कामकऱ्याला झेपेल तेवढेच काम, अन्न आणि वेतन, आजारपणात काळजी, वेळेवर सुट्टी, हे मालकाचे कर्तव्य म्हणून तिथे स्पष्ट सांगितले आहे. आपल्यातल्या ज्या कुटुंबांत आता धुणी-भांडी करायला मावशी येतात, त्यांनी खालची दिशा जरा सावकाश वाचावी.

पवारणा

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो तो पवारणेने. पुढे महिनाभर कठिन चीवरदान चालते, त्याचे फोटो भरपूर निघतात. पवारणेबद्दल मात्र आपल्याकडे जवळजवळ शांतता असते.

तिचाही उगम एका फजितीत आहे. कोसल देशात काही भिक्खूंनी वर्षावासात भांडण नको म्हणून एकमेकांशी बोलायचेच नाही असे ठरवले. तीन महिने सगळे शांततेत गेले. ते मोठ्या समाधानाने तथागतांकडे आले, तेव्हा त्यांना शाबासकी मिळाली नाही; जनावरे एका गोठ्यात राहतात तसे राहिलात, असे ऐकावे लागले. मग नियम झाला की, वर्षावासाच्या शेवटी प्रत्येकाने संघाला विनंती करायची : माझ्याबद्दल काही पाहिले असेल, ऐकले असेल, शंका आली असेल, तर करुणेने सांगा; मला पटले तर मी दुरुस्त करीन. सुरुवात सर्वांत ज्येष्ठ भिक्खूने करायची, नवख्याने नंतर.

कोसंबीचे भांडण याच्या उलट टोकाचे. शौचकूपातल्या भांड्यात पाणी शिल्लक ठेवले, एवढ्यावरून दोन गट पडले, समर्थक जमले, तथागतांनी समजावूनही ऐकेनात. शेवटी ते एकटेच निघून पारिलेय्यकाच्या वनात राहिले. भांडण मिटवले ते कोसंबीच्या उपासक-उपासिकांनी. त्यांनी या भिक्खूंना वंदन करणे आणि भिक्षा देणे बंद केले. काही दिवसांत दोन्ही गट तडजोडीला आले.

एकाच गल्लीत दोन जयंती मंडळे, एकाच पक्षाचे चार गट, वर्गणीचा हिशेब मागितला की ‘तू कोणाचा माणूस’ हा सवाल, हे आपल्याला नवे नाही. बोलणे बंद करणे आणि फूट पाडणे या दोनच पद्धती आपण वापरतो. तिसरी पद्धत विनयात लिहिलेली आहे आणि तिला ठरलेला दिवसही आहे. आश्विन पौर्णिमेच्या सायंकाळी वंदनेनंतर विहार समितीने वर्षाचा जमाखर्च फलकावर लावावा. अध्यक्षांनी आधी उठून पाहिलेले, ऐकलेले आणि शंका आलेले काय ते सांगा अशी सर्वांना विनंती करावी; मग सचिव, मग खजिनदार, मग युवा मंडळाची मुले. कुणी काही बोलले तर त्या रात्री उत्तर द्यायचे नाही, फक्त टिपून घ्यायचे आणि पुढच्या पौर्णिमेला काय दुरुस्त केले ते सांगायचे. यासाठी मंडप लागत नाही, साउंड लागत नाही आणि खर्चही नाही.

‘अध्यक्षांनी आधी का?’ असे कुणी विचारलेच तर संयुत्त निकायातले पवारणा सुत्त दाखवावे. श्रावस्तीत विसाखेने बांधलेल्या पूर्वारामात, पौर्णिमेच्या रात्री, पाचशे भिक्खूंसमोर तथागत बसले होते. त्यांनीच आधी विचारले की, माझ्या वागण्यात किंवा बोलण्यात तुम्हाला काही दोष दिसतो का? दोष दिसत नाही, असे सारिपुत्तांनी उठून सांगितले आणि लगेच स्वतःबद्दल तोच प्रश्न तथागतांना केला.